पेण ते रोहा, एका दिवसात दोनदा

वहिनी,

तुझ्या दहाव्याला मी हसले. आधी तेच सांगून टाकते, कारण एव्हाना ते गावभर झालंच आहे. तुझी मावसबहीण दाराशी बसून रडत होती आणि रडता रडता म्हणाली, बिचारी मंदा, चूल आणि गणपतीचा कारखाना सोडून कधी कुठं गेली नाय. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मीही हलवणार होते. पण तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर तू आलीस. रोह्याला माझ्या घराच्या पायरीशी सायकलवर, एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर, हातात पाण्याचा तांब्या. आत ये म्हटलं तर म्हणालीस, बसले तर उठणार नाय. त्याच दिवशी दुपारी पुन्हा तशीच तू, पुन्हा तोच पाय जमिनीवर. मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बायकांना वाटलं, नणंदेला शोक आवरत नाही. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, त्याने आणखीच हसू आलं, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मलाही कळलं नाही.

सगळ्याला कारण ते डॉक्टर. चौऱ्याण्णव सालचे गणपती गेले आणि तुझे गुडघे बसले. आठ महिने मांडी घालून मूर्तींचे पीतांबर रंगवायचे, हे तुझं काम. शेवटची मूर्ती ट्रकमध्ये चढली, तू उठायला गेलीस, तर गुडघे उठायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर सायकल चालवा. तू विचारलंस, सायकल किती चालवायची? ते दुसऱ्या पेशंटचा कागद बघत होते. मान वर न करता म्हणाले, जमेल तितकी. त्यांच्या मनात घरापासून बाजारापर्यंत असणार. पण औषधाचा डोस नीट सांगायला हवा, नाहीतर पेशंट सबंध बाटली संपवतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सायकल तुला येत होती. लहानपणी मिठागराच्या बांधावर बापाची सायकल तू नळीखालून पाय घालून चालवायचीस आणि दोन्हीकडे खारं पाणी असल्यामुळे तोल सांभाळायला आपोआप शिकलीस, असं तू सांगायचीस. शेजारच्या मुलीचं लग्न झाल्यावर तिची लेडीज सायकल पडवीत गंजत होती, ती तू मागून आणलीस. पहिले चार दिवस साडीवर गेलीस. पाचव्या दिवशी एसटी स्टँडसमोर निऱ्या चेनमध्ये गेल्या आणि तू सायकलीसकट आडवी झालीस. दोन कंडक्टर आणि एक चहावाला धावून आले. त्यांनी तुला उठवलं, पण साडी सुटेना. शेवटी चहावाल्याने दूधपिशव्या कापायची कात्री आणली. तू अर्धी साडी नेसून आणि अर्धी हातात धरून घरी आलीस, आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घालून बाहेर पडलीस. एकोणचाळिसाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा.

दादा दोन दिवस तुझ्याकडे बघतच नव्हता. कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसणारा माणूस. जगाचे अर्ज लिहून देतो, पण स्वतःची तक्रार त्याला कधी मांडता आली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघत म्हणाला, ओढणी मागे गाठ मारून बांध, चाकात जाईल. तू मला नंतर सांगितलंस की लग्नानंतर त्याने तुझ्या कपड्यांबद्दल काढलेलं ते पहिलंच वाक्य.

पहिल्या महिन्यात तू वडखळपर्यंत जाऊन यायचीस. मग त्यापुढच्या गडबपर्यंत. मग एका रविवारी अकराच्या सुमाराला माझ्या दारात सायकलची घंटी वाजली. उघडते तर तू. आपल्याकडे न कळवता माणूस येतं ते एकाच बातमीसाठी. मी विचारलं, कोण गेलं? तू म्हणालीस, "पाणी दे. अजून कोण गेलं नाय, पण तू अशीच उभी राहिलीस तर जाईल."

चाळीस किलोमीटर तू आली होतीस, हे मला पटेना. तू पाच भाकऱ्या खाल्ल्यास, स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झालीस आणि घोरायला लागलीस. संध्याकाळी उठून बसता येईना. मग ह्यांनी आणि मी तुला एसटीवर नेलं, सायकल टपावर चढवली. कंडक्टरने सायकलचं तिकीट मागितलं तर तू म्हणालीस, बारा वर्षांच्या आतली आहे, हाफ घ्या. तो इतका गोंधळला की त्याने खरंच सायकलकडे वर बघितलं.

तिथेच थांबली असतीस तर पुढचं काही घडलं नसतं. पण तू कारखान्यात जाऊन सांगितलंस आणि कुणी विश्वास ठेवला नाही. एक म्हणाली, गेली असेल एसटीनं. दुसरी म्हणाली, जाताना टेम्पो नि येताना एसटी. तू पुढल्या रविवारी परत माझ्याकडे आलीस ती नुसती रागाने. मला म्हणालीस, दोघी मिळून जाऊ आणि असं काहीतरी करू की बायकांची तोंडं बंद होतील. शहरातले लोक दिवसात शंभर किलोमीटर जातात, असं तू कुठेतरी ऐकलं होतंस. पेण-रोहा-पेण म्हणजे ऐंशी. वीस कमी. त्या विसासाठी अनोळखी रस्त्याला कशाला जायचं, असं तुझं म्हणणं. त्यापेक्षा रोह्यालाच पुन्हा जाऊन यायचं. मी म्हटलं, वहिनी, ते एकशेसाठ होतात. तू म्हणालीस, मग बरंच की, वर साठ शिल्लक.

मी शाळेत गणित शिकवते. मला त्या हिशेबात चूक काढता आली नाही.

मला का घेतलंस, तर मी शिक्षिका. माझा शब्द खोटा पडणार नाही. तुला सोबत नको होती, साक्षीदार हवा होता, असंच मी तेव्हा धरून चालले होते.

शाळेतल्या एका बाईंची सायकल मी मागून आणली आणि शनिवार-रविवार आपला सराव सुरू झाला. नागोठण्यात भेटायचं, तू पेणहून, मी रोह्याहून. मी ग्लुकोजची पुडी आणायची, तू रुमालाच्या गाठीत खडे मीठ. मी म्हणायचे, साखरेने ताकद येते. तू म्हणायचीस, घामातनं साखर जात नाय, मीठ जातं, आणि मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ शिकवू नको. सीटवर तू जुन्या गोधडीचे चार पदर शिवलेस. माझ्या सीटवरही शिवलेस, न विचारता, कारण मी कशी चालते ते तू बघितलं होतंस. वाऱ्यावरून आपण जे भांडायचो ते तर कधी मिटलंच नाही. तुझं म्हणणं, जाताना वारा तोंडावर असला की येताना पाठीवर मिळतोच. माझा अनुभव असा की वारा दोन्ही वेळा तोंडावरच असतो. आपण पाच वर्षं भांडलो. मी अजून माझ्या मतावर ठाम आहे.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नाही, ती इथे लिहिते. त्या वर्षी माझा दुसऱ्यांदा गर्भ पडला होता. शाळेत, बाजारात, हळदीकुंकवाला, जी भेटेल ती विचारायची. काही नाही ना अजून? डॉक्टर काय म्हणतात? अमक्या देवाला जाऊन या. मी बाहेर पडणं सोडलं होतं. तू मला ओढून रस्त्यावर आणलंस, आणि त्या सगळ्या रविवारांत, इतक्या किलोमीटरांत, एकदाही तो विषय काढला नाहीस. एकदा फक्त नागोठणे-रोह्यामधल्या खिंडीच्या चढावर मी सायकल टाकून दगडावर बसले आणि मला रडू आलं. तू माझ्या शेजारी बसलीस. रुमाल सोडलास, मिठाचा एक खडा मला दिलास, एक स्वतः तोंडात टाकलास, आणि आपण दोघी मीठ चोखत बसलो. मग तू उठून म्हणालीस, चल, उतार आलाय. आभार मानायचे तर तेव्हाच मानायला हवे होते. पण तू उतारावर इतकी जोरात सुटलीस की मला तुझ्या मागे ओरडतच यावं लागलं, ब्रेक लाव म्हणून.

मग तो डिसेंबरातला रविवार. मी आदल्या दिवशी पेणला मुक्कामाला आले होते. पहाटे साडेचारला निघालो. थंडी होती, रस्ता मोकळा होता, आणि तू पेणच्या वेशीवरच्या रामवाडीपासूनच, आपण फार हळू चाललोय, अशी कटकट सुरू केलीस. आठच्या आत रोह्याला. ह्यांची दुसरी शिफ्ट होती, त्यामुळे हे घरीच होते. चहा केला. तू पायरीशी आधी तांब्याभर पाणी आणि मग तो, दोन्ही उभ्यानेच प्यायलीस. परत फिरलो. सव्वाअकराला पेण. दादा दारातच उभा होता. तू पायरीवर पाय टेकवलास आणि पेज प्यायलीस. दादा म्हणाला, झालं तेवढं पुरे झालं. तू म्हणालीस, "अर्धं झालंय." आणि निघालीस. त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हिला थांबव होतं की हिला सांभाळ, ते मला कळलं नाही. दोन्ही माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

गडबला माझ्या पोटरीत गोळा आला. बारा वाजून गेले होते. ऊन वर, ट्रक शेजारून. तू थांबायला तयार होतीस. मीच म्हटलं, तू हो पुढे, उजेड असेपर्यंत परत यायला हवं, मी गाठते तुला. तू दोनदा मागे वळून बघत गेलीस. मी एका दुकानाच्या बाकावर पाय पसरून बसले. तेवढ्यात एक टेम्पो थांबला, पेंढ्याने भरलेला. ड्रायव्हर चांगला माणूस. म्हणाला, ताई, पुढे जायचंय तर चढा, सायकल टाकतो वर.

वहिनी, मी चढले.

मी मनाशी म्हटलं, फक्त पुढच्या वळणापर्यंत. मग म्हटलं, पुढच्या पुलापर्यंत. आणि मग पेंढ्याच्या फटीतून मला समोर तू दिसलीस. गुलाबी ड्रेस, मागे बांधलेली ओढणी, मान खाली घालून पॅडल मारणारी. टेम्पो तुला ओलांडून जाणार हे माझ्या लक्षात आलं आणि मी, रोह्याच्या शाळेतली बाई, पेंढ्यात तोंड खुपसून आडवी झाले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तू हात वर करून त्याला जा म्हणून खूण केलीस.

कासू गावाच्या पुढे मी उतरले तेव्हा खरी पंचाईत ध्यानात आली. मागे राहिलेली मी आता तुझ्या पुढे होते. तू येऊन मला समोर बघितलंस तर मी काय सांगणार होते? मी सायकल घेऊन बांधावरून शेतात उतरले आणि एका करंजाच्या झाडामागे उभी राहिले. कापणी झालेलं शेत, लपायला तेवढंच एक झाड. एक म्हातारा शेतकरी बांधावर बसला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला गप्प राहा अशी खूण केली. त्याने मान डोलावली आणि मुकाट दुसरीकडे तोंड फिरवलं. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. तू समोरून गेलीस. मी शंभर मोजले, रस्त्यावर आले आणि जीव खाऊन मागून आले. तुला गाठलं तेव्हा मी खरोखर धापा टाकत होते, तेवढं तरी खरं होतं. तू म्हणालीस, आलीस? मला वाटलं मागंच राहिलीस. आणि रुमाल पुढे केलास.

पुढचं सगळं मी खरं केलं. खिंड चढले. तीनला रोहा. हे शिफ्टला गेले होते, पण पायरीवर दोन तांबे झाकून ठेवले होते. परत फिरलो. नागोठण्यानंतर तू एकदा म्हणालीस की तुला पाय आहेत की नाहीत ते कळत नाही, आणि मी खाली बघून सांगितलं, आहेत. दिवेलागणीला पेणमध्ये शिरलो. कारखान्यातल्या चार बायका दारात बसल्या होत्या. तू सायकलवरून उतरलीस, भिंत धरलीस आणि म्हणालीस, "दोघींनी केलं. रोहा दोनदा. विचारा मास्तरीणबाईंना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो.

त्या एका 'हो'ने मला तीन वर्षं छळलं. तुझे एकशेसाठ होते. माझे सात-आठ कमी. पण तू सांगत सुटलीस. लग्नात, बारशात, गणपतीच्या आरतीला. माझ्या नणंदेनं केलं, मूल नाय का बाळ नाय म्हणून टोमणे मारता, तिच्यासारखं एकीनं करून दाखवा. असं तू माझ्या माघारी म्हणालीस, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. आमच्या हेडमास्तरांच्या कानावर गेलं, तर त्यांनी मला पोरांपुढे चिकाटी ह्या विषयावर बोलायला उभं केलं. मी दहा मिनिटं बोलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी जेवले नाही. दर रविवारी ठरवायचे, आज तुला सांगायचं. दर रविवारी तू वाऱ्याचा विषय काढायचीस.

आणि मग एकदा आपण गडबला चहाला थांबलो, त्याच दुकानात. टेम्पोवाला तिथे बसला होता. मला ओळखून मनापासून हसला. म्हणाला, काय ताई, आज पेंढा नाय, सायकलवरच? मी बशी खाली ठेवली. तू मान वर केली नाहीस. चहा संपवलास, ओढणी बांधलीस आणि निघालीस. मैलभर तू पुढे, मी मागे. मग मीच म्हटलं, वहिनी, त्या दिवशी...

"माहीत हाय," तू म्हणालीस. "तुझ्या केसांत पेंढा होता."

मी सायकल थांबवली. विचारलं, मग तू बोलली का नाहीस?

तू पुढे जाऊन थांबलीस. मागे न बघताच म्हणालीस, "मी मागं बघत बघत चालले होते गो. तू दिसत नव्हतीस. मला वाटलं, आता एकटीनंच जायचं. मग तू आलीस. कशी आलीस ते कशाला विचारू?"

त्यानंतर भांडलोच आपण. तुझं म्हणणं, ते सात-आठ किलोमीटर मी त्यानंतर शंभरदा चालवले, फिटले. माझं म्हणणं, ते असं फिटत नाही, एका दिवसाचं त्याच दिवशी. तू म्हणालीस, शाळेत पोरांना फेरपरीक्षा देतेस ना? मी म्हटलं, देते. मग? तू विचारलंस. त्याचं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही, आणि आता तू विचारायलाही नाहीस.

मग तुला कावीळ झाली. दवाखान्यात तू पिवळीधमक दिसत होतीस. मी उशाशी बसले तर तू म्हणालीस, बरी झाले की महाडला जाऊ. मी म्हटलं, महाड लांब पडेल. तू म्हणालीस, रोह्याला तिसऱ्यांदा जाण्यापेक्षा महाड बरं. मी हसले. तुला झोप लागली. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तुझ्यापुढे मला नेहमी धापच लागलेली असायची.

आता कालचं सांगते, कारण ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. तेरावं झालं, पाहुणे गेले, लेकीला पुन्हा नर्सिंगच्या हॉस्टेलवर पोचवून आलो. मी एक दिवस दादाजवळ राहिले. आज रोह्याला जायचं होतं. काल सकाळी सहाला अंगणात काहीतरी आदळलं. बाहेर येऊन बघते तर दादा जमिनीवर आणि तुझी सायकल त्याच्या अंगावर. पायजमा गुडघ्याला फाटलेला. मी सायकल उचलली. तो बसूनच राहिला. मग म्हणाला, मला येत नाय.

मला कळेना काय येत नाही. तर सायकल. पन्नाशीचा माणूस, कचेरी घरापासून चालत पाच मिनिटं, त्यामुळे कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही. मी सख्खी बहीण, माझ्याही नाही. लहानपणी पडून हात मोडला होता, तेव्हापासून जवळच गेला नव्हता. म्हणाला, तू त्याला शिकवते म्हणाली होतीस. पहिल्याच वर्षी. त्यानेच नको म्हटलं. बायको मागे धरून पळतेय आणि नवरा हँडल धरून डुगडुगतोय, हे लोकांनी बघितलं असतं. "म्हणून नुसता दारात उभा राहायचो," तो म्हणाला. "ती यायची तेव्हा."

मी त्याला उठवलं. सीट खाली केली. त्याला बसवलं, मागचं कॅरिअर धरलं. दादा भारी आहे, वहिनी, दिसतो त्यापेक्षा भारी. पहिल्यांदा आम्ही गोठ्याच्या भिंतीवर गेलो. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या जास्वंदीत. तिसऱ्यांदा तो कोपऱ्यापर्यंत गेला, पण वळायचं कसं ते मी सांगितलं नव्हतं, म्हणून तो सरळच गेला आणि पुढे रेतीच्या ढिगात थांबला. सायकल हातात धरून चालत परत आला. दोन्ही कोपरं सोललेली, कपाळाला रेती, आणि चेहरा असा की मला माझा आठ वर्षांचा भाऊ दिसला. धापा टाकत पायरीवर बसला. इकडे तिकडे बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मग सवयीने आवाज खाली आणून मला म्हणाला,

"मंदाला सांगू नको."

म्हटल्यावर त्याच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, नाही सांगत, आणि पदराने त्याच्या कपाळाची रेती पुसली.

मी त्याला नाही सांगणार म्हटलं होतं. पण तुझ्यापासून एकदा लपवून बघितलंय मी, आणि ते तीन वर्षं मला झेपलं नाही. म्हणून सांगितलं.

तुझी,
निमा